नाक्यावरून सोडलेली गाडी

प्रिय सगुणा,

तुला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. पारू व्हायच्या आधी "अगं" म्हणून भागलं, ती झाल्यावर "पारूची आई" म्हणून भागलं. तू मला डिवचायचीस, "माजं नाव तरी मालूम आहे का जी तुमाले?" मालूम होतं गं. तोंडातून निघायचं नाही, एवढंच.

आज लिहायला का बसलो ते सांगतो. मी वडशाला आहे, डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर. आत आपली पारू निजली आहे. काल तिला दमा लागला, अगदी तुझ्यासारखा. घाबरू नकोस, ती वाचली. सुई दिली, श्वास मोकळा झाला, सकाळी वाटीभर पेज प्याली आणि पुन्हा झोपली. कंपाउंडरकडून पेन्सिल मागून घेतली. कागद जंगलखात्याच्या नाक्याचे आहेत, खिशात होते. या कागदात मी तुला हळदीची पुडीसुद्धा कधी बांधू दिली नाही, सरकारी आहे म्हणून. आज त्याच्यावरच लिहितो आहे.

पोर वाचली म्हणजे बापानं आनंदात असायला पाहिजे, नाही का? मी सकाळपासून या बाकावर बसून रडतो आहे. लोकांना वाटतं, पोरीच्या काळजीनं. एका म्हातारीनं पाठीवर हात ठेवून सांगितलं, "होते बरी. रडू नोको, भाऊ." तिला कसं सांगू, की पोरगी बरी झाली म्हणूनच रडू येतं आहे?

दोन घंटे लागले, सगुणा. नाक्यापासून वडशापर्यंत दोन घंटे, आणि दारातून आत नेल्यापासून सुईपर्यंत तर विडी ओढायला लागतो तेवढाही वेळ नाही. तीन वर्षं मी मनाची समजूत घालत होतो. तुझा आजारच मोठा होता, रानातला मुलूख, कुठे दवाखाना, कुठे डॉक्टर, कुणाच्या हातात काय होतं. काल कळलं की तुला वाचवायला किती थोडं हवं होतं.

आपली पहिली वडशाची खेप आठवते का तुला? लग्नाचं पहिलंच वर्ष. भाताची मळणी चालू होती, कोंडा उडाला आणि तुझी छाती शिट्या मारायला लागली. तुझ्या बापानं लग्न जमवताना दमा लपवला म्हणून मी बैलबंडीत रस्ताभर तोंड फुगवून बसलो होतो. तू धापा टाकत होतीस, आणि तरी मला म्हणालीस, "परत... नेऊन... घाला... मंग." डॉक्टरांनी सुई दिली. अर्ध्या घंट्यात तू ताठ बसलीस आणि पहिलं वाक्य काय बोललीस, तर "वडशाच्या बाजारात भजे चांगले मिळतेत म्हणे." मला हसू आलं. तिथून माझा राग गेला तो गेलाच.

डॉक्टरांनी तेव्हा मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. धुरापासून जपा. या गोळ्या जवळ ठेवा. आणि जेव्हा एका दमात एक वाक्य पुरं बोलता येणार नाही, तेव्हा काढे आणि लेप करत घरी बसू नका, मिळेल त्या गाडीनं निघा. मिळेल त्या गाडीनं, असंच म्हणाले होते. मी मान हलवली होती. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मग आपली बदली नाक्यावर झाली. कुरखेड्याच्या पलीकडे, सागाच्या रानात, एक खोली, रस्त्यावर एक आडवा बांबू आणि एक रजिस्टर. जंगलातून लाकडाचे ट्रक यायचे. मी बांबू पाडून त्यांना थांबवायचो, पास बघायचो, ओंडक्यांवरची सरकारी हातोडीची निशाणी ताडून बघायचो, मग बांबू वर. तुला हसू यायचं. "झाडाईचे मुडदे मोजता अन् साहेबावानी चालता," म्हणायचीस. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू. आमच्या घराण्यात कुणाच्या हुकमानं कधी बैलसुद्धा थांबला नव्हता, आणि माझा हात वर झाला की ट्रक थांबायचे.

लाकडाच्या गाडीत माणूस बसवायचा नाही, असा नियम होता. ड्रायव्हर बसवायचेच. बाजाराला निघालेली माणसं, माहेरी निघालेल्या बाया. दुसऱ्या नाक्यांवर डोळेझाक व्हायची. मी नाही केली. तू गेलीस त्या वर्षी पौषात हमीदभाई ड्रायव्हरच्या ट्रकात ओंडक्यांवर बसलेले नवरा-बायको मी चार लोकांसमोर खाली उतरवले, आणि हमीदभाईच्या नावाची लेखी वरदी रेंजर साहेबांकडे पाठवली. त्याची गाडी आठ दिवस उभी राहिली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी घरी आलो तर तू चूल न पेटवता चुलीपुढे बसली होतीस. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "त्या बाईच्या पोटात लेकरू होतं जी. दिसलं नाई का तुमाले?" मी तुला म्हणालो, सरकारी कामात बाईमाणसानं बोलू नये.

लगेच माघ लागला आणि जाळरेषेचा हुकूम आला. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून रानात पट्टे आखायचे आणि त्यांतला पाला आपणच आधी जाळून टाकायचा. तू दर वर्षी विचारायचीस, "आग लागू नाई म्हणून आग लावता, हे कोन्या शहाण्यानं सांगितलं?" आणि दर वर्षी मी तुला जाळरेषेच्या आधी माहेरी धाडायचो. त्याच वर्षी नाही धाडलं. रेंजर साहेब तपासणीला येणार होते, मागच्या खेपेला त्यांनी तुझ्या हातच्या रश्शाची तारीफ केली होती. मी म्हणालो, चार दिवस थांब, साहेब जेवून गेले की जा. तू म्हणालीस, "राह्यते." एवढंच म्हणालीस. डोळे मात्र रानाकडे होते.

मी माझ्या हातानं काडी लावली, सगुणा. दुसऱ्या कुणी नाही.

वारा पडला आणि धूर आपल्या खोलीभोवतीच बसून राहिला. पहाटे तुला दमा लागला. दोन गोळ्या दिल्या, काही उतार पडला नाही. गोंडपाड्यावरची चैतीबाई आली, तिनं मोहाच्या तेलानं तुझी छाती चोळली, अडुळशाचा काढा पाजला. दुपार होईतो तू बाजेच्या कडेवर दोन्ही हात टेकून बसली होतीस. खांदे कानांना लागलेले, आणि प्रत्येक श्वासाला गळ्यापाशी खड्डा पडत होता. पारू तेव्हा पाच वर्षांची. तू मला विचारलंस, "पारू... जेवली... का." तीन शब्दांना तीन श्वास. डॉक्टरांचं बोलणं मला त्याच क्षणी आठवलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

भर दुपारी हमीदभाईचा ट्रक आला. मी बांबू पाडला. पास बघितला, निशाण्या ताडल्या, एकही ओंडका सोडला नाही. तोवर चैतीबाईनं त्याला हाक मारून आपल्या खोलीच्या दाराशी नेलं होतं. तो तुला बघून आला आणि माझ्यापुढे उभा राहिला. "नाकेदार भाऊ, बाईची हालत ठीक नाई. समोरच्या शीटवर बसवा. दोन घंट्यात वडशाले पोचवून देतो."

मी म्हणालो, "लाकडाच्या गाडीत माणूस जमत नाई. साहेब येऊन राह्यले आज. मी बंडी सांगितली आहे."

बंडी सांगितली नव्हती. गावातल्या सगळ्या बंड्या कामावर गेल्या होत्या.

"आणखी एक वरदी लिहा माझ्या नावाची," हमीदभाई म्हणाला. "दहा लिहा. पर बाईले जाऊ द्या."

मी वळून बघितलं तर तू दारात आली होतीस. चैतीबाईच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात गाठोडं, पायात वहाणा. तुला वाटलं होतं, आपण निघालो. मी म्हणालो, "बंडी येते थोड्या वेळानं. आत बस." तू माझ्याकडे बघितलंस. मग गाठोडं खाली ठेवलंस आणि आत गेलीस. मी बांबू वर केला आणि ट्रक गेला.

दीड-दोन घंट्यांनी तुझ्या छातीची शिटी थांबली. मला वाटलं, उतरलं. चैतीबाई म्हणाली, "भाऊ, मले चांगलं नाई दिसत." मी तिच्यावरच खेकसलो, ऐकू येत नाही का, शिटी थांबली. तू भिंतीला टेकून डोळे मिटले होतेस. म्हटलं, रात्रभराची थकली आहे, झोपू दे. आणि मी नाक्यावर जाऊन रजिस्टर नीट लावत बसलो, साहेबांना दाखवायला. परत आलो तेव्हा तुझी नखं जांभळी झाली होती. हाक मारली तर डोळे उघडलेस, पण मला ओळखलं नाहीस.

मग धावलो. जाळरेषेवरून एक बंडी सोडवून आणली. दिवस कलताना निघालो, तू माझ्या मांडीवर, पारू माझ्या पाठीला चिकटलेली. कुरखेडा यायच्या आधीच, नाल्याच्या उतारावर, तू गेलीस. बंडीवाल्यानं बैल थांबवले. मी त्याला म्हणालो, हाक. तो बिचारा हाकत राहिला. कुरखेड्याची घरं दिसल्यावर मला कळलं की आता कुठेच जायचं नाही.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. रानाच्या दुसऱ्या बीटातून परस्पर निघून गेले.

तेरवी झाल्यावर मी पायी इथे आलो होतो, याच दवाखान्यात. डॉक्टरांना म्हणालो, तिची शिटी थांबली होती, तिला बरं वाटलं होतं, मग ती गेली कशी? त्यांनी मला स्टुलावर बसवलं. मग म्हणाले, "नाकेदार, शिटी वाजायलासुद्धा वारा आत जावा लागतो. तिचा वाराच जात नव्हता." मी ज्या वेळी तुला झोपली समजून दार ओढून घेतलं, त्या वेळी तू आत काय सोसत होतीस? कुणाला हाक मारायचा प्रयत्न केलास का? किती वेळा उठून बसतो मी या प्रश्नानं.

गावात सगळे म्हणाले, नाकेदार नियमाचा पक्का, बिचाऱ्याचा नाइलाज होता. मीही तेच पांघरून तीन वर्षं काढली. आज खरं लिहितो. नियम आड आला नव्हता. साहेबसुद्धा बायकापोरांचे माणूस होते, सांगितलं असतं तर एका शब्दानं बोलले नसते. आड आला तो माझा ताठा. ज्याला मी चार लोकांत मान खाली घालायला लावली, त्याच्याच गाडीत माझी बायको बसवायची, आणि मग रोज नाक्यावरून जाताना त्यानं माझ्याकडे बघून हसायचं, हे माझ्यानं गिळवलं नाही. तो हसला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी नाही गिळवलं.

तुझ्यावरही राग येतो कधीकधी, रागावू नकोस. तू का नाही भांडलीस? भाजीत मीठ कमी म्हटलं तर दिवसभर तोंड चालवणारी तू. त्या दिवशी गाठोडं घेऊन सरळ ट्रकात चढून बसली असतीस, तर मी काय तुला हाताला धरून उतरवलं असतं? असं म्हणतो आणि मग मलाच आठवतं. त्याच्या महिनाभर आधी एका पोटुश्या बाईला मी उतरवलंच होतं. तू ते बघितलं होतंस. आणि भांडायचं म्हटलं तरी श्वास लागतो. तो तुझ्यापाशी कुठे होता?

आता कालचं ऐक. मधल्या काळात नागपूरचं सरकार जाऊन मुंबईचं आलं, रजिस्टरवरचा छाप बदलला, नाका तोच राहिला. यंदा पारूला आजीकडे धाडायचं म्हणून तिचं सामान बांधून ठेवलं होतं, पण पलीकडच्या बीटात जाळरेषा दोन दिवस आधीच पेटवली. सकाळपासून पोर खोकत होती. दुपारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा... पानी..." आणि पुढचं बोलता येईना तिला. मी रजिस्टर तसंच उघडं टाकलं, तिला उचललं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. देवाला नाही, सगुणा, मी ट्रकाला नवस बोलत होतो.

पहिला ट्रक आला तो हमीदभाईचाच. दुसऱ्या कुणाचा असता तर मला सोपं गेलं असतं. तीन वर्षांत आम्ही पासाखेरीज एक शब्द बोललो नव्हतो. मी हात जोडायला गेलो, पण हातात पोर होती. त्यानं पोरीकडे बघितलं. शीटवरचं घोंगडं बाजूला सारलं, दार उघडलं आणि म्हणाला, "पोरीले बसती ठेवा, आडवी नोका करू." नाल्याच्या उतारावर तिची शिटी बारीक झाली. या वेळी मला माहीत होतं. मी ओरडलो, हमीदभाई, आवाज जाऊन राह्यला. त्यानं मान हलवली आणि ओंडक्यांनी भरलेली ती गाडी अशी पळवली की मला वाटलं, आपण तिघंही जातो आता.

डॉक्टरांनी दंडात सुई दिली. थोड्या वेळानं दुसरी शिरेत, फार हळू, घड्याळाकडे बघत. मी भिंतीला टेकून उभा होतो. हळूहळू तिचे खांदे खाली आले, ओठांना रंग आला, आणि शिटी पुन्हा मोठ्यानं वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता वारा आत जातो आहे.

सकाळी ती जागी झाली, पेज प्याली. खोलीभर बघत होती. पितळेची डबी, सुया, खिडकीतून दिसणारा रस्ता. मग मला म्हणाली, आणि एका दमात म्हणाली, "बाबा, आईले इथी काऊन नाई आणलं?"

हमीदभाई दाराशी उभा होता. डेपोत लाकूड उतरवून तो आमच्यासाठी चहा घेऊन आला होता.

मी म्हणालो, "तेव्हा गाडी नव्हती, बेटा."

हमीदभाईनं चहाचा गडवा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेला. पारू "हो का" म्हणाली आणि माझं बोट धरून झोपली. तिनं विश्वास ठेवला, सगुणा. माझ्यावर. बोट सोडवून घेऊन मी बाहेर आलो तो या बाकावर बसलो.

तुला शब्द देतो. नाका मी कुणाला न सांगता उघडा टाकून आलो आहे, नोकरी राहील की जाईल ठाऊक नाही. राहिली तर इथल्या डेपोत बदली मागेन. गेली तर त्याच डेपोत ओंडके वाहीन. पण पारूला धुराच्या रानात परत नेणार नाही. दवाखाना हाकेच्या अंतरावर असेल अशाच घरात ती वाढेल.

आणि दुसरा शब्द. ती उठली की तिच्याजवळ बसून सांगेन. आठ वर्षांची आहे, आज तिला पुरतं कळणार नाही. मोठी होईल तसं कळत जाईल, आणि ज्या दिवशी पुरतं कळेल त्या दिवसानंतर ती मला बाबा म्हणेल की नाही, मला माहीत नाही. तरी सांगेन. गाडी होती, बेटा. मीच जाऊ दिली.

आतून तिचा आवाज येतो आहे. उठली वाटतं. जातो.

तुझा,
पारूचा बाप